मोंझावर पोर्श १:५०.९, मर्सिडीज १:४९.६. फरक गाडीचा की माझा?

घाटउतार
मंडळी, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा कार रेसिंगचा गेम खेळणारं इथे कुणी असेल तर जरा डोकं लावा. वय ४३, धंदा प्लायवूड-हार्डवेअरचा. दुकानाचं शटर ओढून घरी यायला साडेनऊ वाजतात, जेवण झालं की तासभर माझा. सेकंडहँड स्टिअरिंग व्हील मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला आवळतो आणि बसतो. तिची परीक्षा असली की मला सुट्टी.

आम्ही सहा जण दर रविवारी रात्री वीस मिनिटांची रेस लावतो. पुढचे दोन महिने प्रत्येकाने एकच जीटी३ गाडी (स्पोर्ट्स कारची रेसिंगसाठी केलेली आवृत्ती) धरून चालवायची असं ठरलंय. म्हणून मोंझाच्या ट्रॅकवर तीन गाड्या काढून एका लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका चकरेची, वेळ बघितली:

शुक्रवार: पोर्श ९११ जीटी३ आर (९९२), १:५०.९
शनिवार: फेरारी २९६, १:५०.१
रविवार: मर्सिडीज-एएमजी, १:४९.६

पुतण्या म्हणतो, "काका, मर्सिडीज घे, विषय संपला." पण माझं मन पोर्शवर बसलंय. कारण विचाराल तर आवाज. आता लॅपला १.३ सेकंद म्हणजे अकरा लॅपमध्ये १४ सेकंद. एवढं नुकसान आवाजासाठी सोसणं मलाही जड जातं. पोर्श खरंच एवढी मंद आहे का?

तर्री_वेगळी
मर्सिडीज घ्या. इंजिन पुढे, गाडी लांब, कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) उड्या मारल्या तरी मागचं टोक जागेवर राहतं. पोर्शचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की गाडी तुमचं तोंड पिटलेनकडे करून देते. पुतण्याचं ऐका.

रात्रपाळी
धागाकर्ते साहेब, निकाल लावण्याआधी दोन-चार गोष्टी सांगा. प्रत्येक गाडीत पेट्रोल किती होतं? हवा-ट्रॅकचं तापमान किती? टायर गरम झाल्यावर प्रेशर किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शुक्रवारच्या आधी मोंझावर किती लॅप मारले होते?

शेवटचा प्रश्न का, तर तुमचे आकडे नीट बघा. शुक्रवारपेक्षा शनिवार बरा, शनिवारपेक्षा रविवार बरा. ही गाड्यांची क्रमवारी नसून तुम्ही ट्रॅक शिकत होतात त्याचा आलेख असू शकतो. गाड्या उलट क्रमाने चालवल्या असत्या तर कदाचित पोर्श पहिली आली असती आणि पुतण्याने तुम्हाला पोर्श घ्यायला लावली असती!

घाटउतार
ऐकताना जरा लाज वाटली. आकडे काढले ते असे: पोर्शमध्ये रेसचं सेटअप (गाडीची जुळणी), ६० लिटर. मर्सिडीजमध्ये पुतण्याचं हॉटलॅपचं, म्हणजे एकच वेगवान लॅप काढायचं सेटअप, १० लिटर. पोर्शच्या वेळी हवा ३० अंश, मर्सिडीजच्या वेळी २२. टायरचं प्रेशर कधी बघितलंच नाही. आणि शुक्रवारच्या आधी मोंझावर एकूण नऊ लॅप.

रात्रपाळी
मग ही तुलना अशी झाली, की एकाला तांदळाचं पोतं पाठीवर देऊन पळवलं आणि दुसऱ्याला मोकळं सोडलं. लिटरमागे साधारण पाऊण किलो धरा, ५० लिटरचे ३७-३८ किलो होतात. वर गरम हवा, म्हणजे इंजिनाचा दम कमी आणि टायर फुगलेले. गेमच्या १.९ आवृत्तीपासून कोरड्यातल्या टायरचं गरम प्रेशर २६ ते २७ पीएसआयमध्ये हवं. हवा एक अंशाने वाढली की साधारण ०.१ पीएसआय चढतं, म्हणजे तुमच्या आठ अंशांत पाऊणएक पीएसआय गेलं. सेटअप एका दिवसाचं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं चालत नाही ते यामुळे.

पुन्हा करा, पण असं: एकाच संध्याकाळी, तापमान एकच, ढग-वारा बंद, दोन्हीत २० लिटर. क्रम पोर्श-मर्सिडीज-मर्सिडीज-पोर्श. शिकण्याचा आणि थकण्याचा हिशोब दोघींत सारखा वाटला जातो. दर वेळी आठ लॅप, पहिले दोन टायर तापवायला सोडून द्या. आणि सर्वोत्तम लॅपसोबत उरलेले सगळे लॅप लिहून ठेवा. खरी गोम तिथेच सापडेल.

पिवळा_झेंडा
वरच्याला +१. शिवाय या गाड्या मुद्दाम एका रांगेत आणून ठेवलेल्या असतात हे विसरू नका. खऱ्या जीटी३ रेसिंगमध्ये एसआरओ ही संस्था वजन आणि इंजिनची ताकद कमी-जास्त करून फरक दाबते, गेममध्येही तसा समतोल ट्रॅकप्रमाणे लावलेला आहे. मोंझासारख्या सरळसोट ट्रॅकवर कुणी थोडं पुढे-मागे असेल, पण १.३ सेकंद? ते गाडीत नाहीत, ते खुर्चीत आहेत. 🙂

एक काम करा. सेटअपमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर टेलिमेट्री लॅप्स (किती लॅपची नोंद ठेवायची) असा एक रकाना आहे, त्यात आकडा वाढवून ठेवा. गेम मोटेकच्या (नोंदींचे आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फायली डॉक्युमेंट्समध्ये आपोआप टाकतो. त्यातली फक्त ब्रेकची रेघ बघा, बाकीचं सध्या राहू द्या.

घाटउतार
काल रात्री केलं. बायकोने दोनदा विचारलं, "झोपायचंय की जर्मनीला जायचंय?" मोंझा इटलीत आहे, पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

मर्सिडीज: बारापैकी बाराही लॅप वैध. सर्वोत्तम १:४९.२, सरासरी १:४९.७, सगळ्यात वाईट १:५०.१.
पोर्श: बारापैकी नऊ वैध, तीन हद्दीबाहेर गेले. सर्वोत्तम १:४९.१, सरासरी १:५०.२, सगळ्यात वाईट १:५१.४.

म्हणजे ज्या गाडीला मी मंद म्हणून टाकून देत होतो, तिचाच सर्वोत्तम लॅप दशांशाने पुढे! सेक्टर (लॅपचे तीन तुकडे) बघितले तर मामला आणखी मजेशीर. पहिल्या सेक्टरमध्ये पोर्श जवळपास प्रत्येक वेळी दोन दशांशांनी पुढे. रेत्तिफिलो या पहिल्या वळणातून बाहेर पडताना मर्सिडीजमध्ये टीसीचा (चाकं घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा) दिवा लुकलुकत राहतो, पोर्शचं मागचं वजन चाकांना रस्त्यावर दाबून धरतं, मला नुसतं पाय खाली दाबायचं काम. पुढच्या रोज्जियाच्या वळणानंतरही तसंच. आणि कमावलेलं सगळं मी तिसऱ्या सेक्टरमध्ये, आस्कारीच्या वळणांत उधळतो. पहिल्या डावीकडच्या वळणात गाडी मागून हलल्यासारखी वाटते, माझा पाय उचलला जातो आणि तर्री_वेगळी म्हणाले तसं मागचं टोक पुढे यायला बघतं. मग घाबरून आणखी उचलतो. तीनपैकी दोन लॅप तिथेच हद्दीबाहेर गेले.

पण खरी गंमत ब्रेकच्या रेघेत. मर्सिडीजच्या आठ लॅपच्या पहिल्या फेरीत रेत्तिफिलोला, वळण दीडशे मीटरवर असल्याच्या पाटीजवळ, ब्रेक ९७-९८ टक्क्यांपर्यंत जातो. नंतर कमी-कमी होत शेवटच्या पोर्शच्या फेरीत जेमतेम ८४. पाय तर तेवढ्याच जोराने मारत होतो. उठून टेबलाखाली बघितलं तर पेडलचा डबा फरशीवरून चांगला चार बोटं मागे सरकलेला! खाली गोणपाट टाकलं होतं, ते घडी होऊन भिंतीला चिकटलेलं. मी अर्धा जोर ब्रेकवर देत होतो, अर्धा डबा ढकलण्यात घालवत होतो.

रात्रपाळी
हाहा, म्हणजे पोर्शची दुसरी फेरी जवळपास बाद. डबा पक्का करून पोर्शचे तेवढेच आठ लॅप पुन्हा मारा. आणि आस्कारीत जाताना ब्रेक एकदम सोडू नका, आत वळेपर्यंत थोडा धरून ठेवा. पुढची चाकं हलकी असतात तिच्यात, ब्रेकने जरा वजन पुढे आलं की तोंड वळतं. मग ॲक्सिलरेटरवर पाय अर्धा तरी ठेवा, शून्यावर आणू नका.

तर्री_वेगळी
तरीही मर्सिडीजच. सरासरी बघा साहेब, रेस सरासरीने जिंकतात. बारापैकी बारा वैध लॅप काय उगाच मिळतात?

घाटउतार
तर्रीशेठ, तुमचं म्हणणं सरासरीला धरून बरोबर आहे. आज दुकानातून १९ मिलिमीटर प्लायचा तुकडा आणला, दोन फूट बाय दीड. पेडलचा डबा त्याला चार स्क्रूंनी ठोकला, फळीचं मागचं टोक भिंतीला टेकवलं. हार्डवेअरवाल्याला हे सुचायला सहा महिने लागले यावर घरात बरंच बोलून झालंय.

पोर्श, २० लिटर, कालचंच तापमान. सहापैकी पाच वैध. सर्वोत्तम १:४८.८, सरासरी १:४९.४. ब्रेक सगळीकडे ९६ च्या वर. आस्कारीत अजून एकदा मातीत गेलोच. आता खरं म्हणजे मर्सिडीजही फळीवर पुन्हा चालवायला हवी, नाहीतर रात्रपाळी पुन्हा पोत्याचा हिशोब काढतील. शनिवारी करतो. पुतण्याला कळवलंय, तर तो म्हणतो, "काका, मलापण तसली फळी करून दे."