नाचणीची भाकरी तडकते त्यावर

थापताना नाचणीच्या भाकरीच्या कडा तडकतात, काय करावं, असं एकांनी विचारलंय. नाचणीत ग्लूटेन (गव्हाचं पीठ चिकट धरून ठेवणारं प्रथिन) नसतं, म्हणून गार पाण्यात भिजवलेलं पीठ धरून राहत नाही. उकड काढा. वाटीभर पाण्याला उकळी आली की मीठ आणि वाटीभर पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा. कोमट असतानाच ओल्या हाताने भरपूर मळा, खरी मेहनत तिथेच आहे.

बाजरीच्या भाकऱ्याही करत असाल, तर बाजरीचं पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळून आणा. तिच्यात स्निग्धांश जास्त, त्यामुळे ते लवकर कडू होतं आणि लोक उगाच धान्यालाच नावं ठेवतात.

100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. वाढत्या मुलांना जरूर द्या, सोबत कुळथाचं पिठलं!