इंग्रजी अमलातल्या नोटिसा: रयतेसाठी की कचेरीसाठी?

चावडीवाचक :
आजोळी, जुन्नर तालुक्यात, माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. घर उतरवायचं ठरलं तेव्हा मामा म्हणाले, रद्दीत घालण्याआधी एकदा नजर टाक. वर लग्नपत्रिका, त्याखाली सारा भरल्याच्या पावत्या आणि तळाशी दोऱ्यात ओवलेल्या आठ नोटिसा. १८८० ते १९०५ च्या दरम्यानच्या. खापरपणजोबांकडे मुलकी पाटीलकी होती, म्हणजे गावचा सारा वसूल करायचं काम, त्यामुळे गावच्या दप्तरातले हे कागद घरातच राहिले असावेत. दोन छापील बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहेत: एक टोलनाक्याचा मक्ता लिलावाने द्यायची, दुसरी रस्त्यावर खडी टाकायच्या कामाची. उरलेल्या सहा मोडीत, सारा आणि लोकल फंड थकल्याबद्दल एकेका खातेदाराला बजावलेल्या.

हे वाचून माझं मत बनलं ते मांडते. इंग्रज लुटायलाच आले होते, त्यावर माझा वाद नाही. पण किती घेणार, कशासाठी, कधीपर्यंत, हे सामान्य कुणब्याला लिहून मिळायला लागलं ते याच काळात. लोकल फंडच घ्या. १८६९ च्या कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा. त्यातला दोन तृतीयांश रस्त्यांना, एक तृतीयांश शाळांना. म्हणजे चोवीस रुपये सारा असलेल्या माणसाने वर दीड रुपया भरला, तर त्यातला रुपया रस्त्याचा आणि आठ आणे शाळेचे. हिशोब बोटांवर होतो. आणि हिशोब करता आला की जाब विचारता येतो. १८५१ च्या टोल कायद्यातही दराचा तक्ता नाक्यापाशी ठळक जागी, इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या भाषेत लावायचं बंधन होतं. मला या कागदांचं मोल वाटतं ते त्यासाठी. तुम्हाला काय वाटतं?

मोडीवाचक :
ताई, कागद जपलेत हे फार चांगलं केलंत. पण "लिहून मिळायला लागलं ते याच काळात" हे मला मान्य नाही. पेशवे दप्तरात रयतेला आणि पाटलांना दिलेले कौलनामे गठ्ठ्यांनी आहेत. पडीक जमीन वहिवाटीला आणा, पहिली काही वर्षं सारा कमी घेऊ, मग चढत्या इस्ताव्याने, म्हणजे वर्षागणिक थोडा थोडा वाढवत, पुऱ्या दरावर येऊ, असं सरकार लिहून देत असे. कौल म्हणजे शब्द. त्यात सरकार स्वतःला बांधून घेतं. नोटीस रयतेला बांधते. वाचताना क्रियापदं बघा. कौलात "देऊ", "घेणार नाही" येतं. नोटिशीत "भरावे", "न भरल्यास", "समजण्यात येईल". माझी पंधरा-वीस वर्षं हे दोन्ही वाचण्यात गेली आहेत, आणि फरक डोळ्यात भरतो.

चावडीवाचक :
कौलाचा मुद्दा मान्य, ते वाक्य मी मागे घेते. पण कौल पाळला गेला नाही तर कुणबी जाणार कुठे? मामलेदाराविरुद्ध कलेक्टरकडे अपील तरी करता येत होतं.

रानवाट :
पेण-कर्जत भागात आदिवासी वाड्यांवर काम करतो, म्हणून राहवत नाही. तुम्ही साऱ्याच्या नोटिसा बघताय. एकदा जंगलाच्या जाहीरनाम्याकडे बघा.

१८७८ च्या वन कायद्याची आणि पुढे १९२७ च्या कायद्याची रीत एकच. आधी सरकार जाहीर करतं की अमुक जमीन राखीव जंगल करायची आहे. मग वन जमाबंदी अधिकारी, म्हणजे लोकांचे हक्क तपासून ठरवणारा अंमलदार, आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावतो: ज्याचा हक्क असेल त्याने मुदतीत येऊन सांगावं. मुदत कमीत कमी तीन महिने. न सांगितलेला हक्क संपतो. चरायचा, लाकूडफाट्याचा, वाटेचा, पाण्याचा, सगळा.

आता हा कागद लागतो कुठे? महसुली गावात. कातकरी आणि ठाकर राहतात वाडीवर. सुगी संपली की कोळशाच्या भट्टीवर नाहीतर कुठेतरी मजुरीला, घराला काटी लावून कुटुंबच्या कुटुंब बाहेर. परत येतात तेव्हा तीन महिने उलटून गेलेले असतात. त्यांना कुणी हाकललं नाही, मारलं नाही. कागदावर एवढंच राहिलं की मुदतीत हरकत आली नाही. एका वाडीवरच्या म्हाताऱ्या आजी मला म्हणाल्या होत्या, "आमी काय बोललोच नाय म्हनत्यात, पर आमाला इचारलं कुनी?" २००६ चा वनहक्क कायदा करताना याच अन्यायाची कबुली द्यावी लागली. लिहून ठेवणं म्हणजे कळवणं नव्हे, ताई. १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरातली पाच-सहा माणसं साक्षर होती. बायकांत तर हजारात जेमतेम सहा-सात. जाहीरनामा कोणत्याही भाषेत लावला तरी वाचणार कोण होतं?

जुना वकील :
रानवाट यांची कळकळ समजते, पण पुरी बाजू मांडायला हवी. वाचता येत नाही हे त्या कायदे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर दवंडी. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात जप्त जमिनीच्या विक्रीची दवंडी तालुक्याच्या ठिकाणी आणि त्या त्या गावात पिटायची, शिवाय लेखी नोटीस चावडीवर लावायची, अशी तरतूद होती. आपल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही दवंडी कायम राहिली, ती उगीच नाही.

आणि नोटिशीची सक्ती हे दुबळ्याचं हत्यार आहे, हे मी कोर्टात पाहिलंय. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या चौथ्या कलमात राजपत्रातली अधिसूचना होती, तशीच त्या जागी सोयीच्या ठिकाणी जाहीर नोटीसही होती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका प्रकरणात ठरवलं की गावातली नोटीस बंधनकारक आहे, ती नसेल तर संपादन टिकत नाही. त्यानंतर कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी "गावात नोटीस लावलीच नव्हती" एवढ्या एका मुद्द्यावर वाचल्या. कायद्यात ते वाक्य नसतं तर आम्ही कशावर बोट ठेवलं असतं?

रानवाट :
वकीलसाहेब, १८९४ ते १९६७ म्हणजे त्र्याहत्तर वर्षं. तेवढ्यात तीन पिढ्या उठून गेल्या. आणि त्याच कायद्याचं सहावं कलम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जमीन सार्वजनिक कामाला हवी आहे असं सरकारने एकदा जाहीर केलं की ते जाहीर करणं हाच त्याचा निर्णायक पुरावा. मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रहाला बसले ते काय नोटीस मिळाली नाही म्हणून? नोटीस मिळून उपयोग नव्हता म्हणून. हरकत घ्या म्हणायचं आणि हरकतीला किंमत शून्य ठेवायची.

जुना वकील :
सहाव्या कलमाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. ते कलम अन्यायाचंच होतं. पण त्यासाठी चौथं कलम खोटं ठरत नाही.

घाटवाट :
रस्त्यांबद्दल थोडं. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला. त्याच वेळचा पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला, अमृतांजन पूल म्हणून सगळ्यांना माहीत असलेला. तो रस्ता फौजेला आणि मुंबईच्या व्यापाराला हवा होता. लोकल फंड भरणाऱ्या गावाला ओढ्यावर फरशीपूल हवा होता. रुपयातला एक आणा गावाने दिला, पण कोणता रस्ता आधी हे गावाने ठरवलं नाही. शाळेच्या आठ आण्यांचंही तेच. महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाच्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात मांडलं होतं. दर कळला म्हणजे हिशोब मिळाला असं होत नाही.

पानसुपारी :
दुष्काळातलं उदाहरण राहून गेलं. १८९६-९७ मध्ये सरकारचा फॅमिन कोड होताच. कामं कधी काढायची, सूट कधी द्यायची, सगळं त्यात. पण तो होता इंग्रजीत. टिळकांनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या लोकांनी त्याचं मराठी करून गावोगाव पोचवलं. हा तुमचा हक्क आहे, पीक बुडालं असेल तर कर्ज काढून सारा भरू नका, असं सांगितलं. सरकारने काय केलं? १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली. स्वतःचाच नियम लोकांना समजावून सांगितल्याची ही शिक्षा. यावरून नियम कोणासाठी लिहिला होता ते कळतं.

चावडीवाचक :
मला यातून उलट दिसतं. नियम लिहिलेला होता म्हणून तर टिळकांच्या हातात काहीतरी होतं!

वेसकराचा पणतू :
आतापर्यंत सगळे कागदावर बोललात. कागद गावात कोण आणत होतं, यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

आमचे पणजोबा वेसकर. महार वतन. तालुक्याच्या कचेरीतून टपाल आणायचं, नोटीस पोचवायची, साऱ्यासाठी रयतेला चावडीवर बोलावून आणायचं, साहेब आला की घोड्यापुढे धावायचं. रात्र नाही, पाऊस नाही. घरात एक माणूस आजारी असला तर दुसऱ्याने जायचं, कारण वतन सगळ्या घराचं. बदल्यात सरकारकडून नावापुरतं, बाकी गावाचं बलुतं, तेही गावाच्या मर्जीवर. आजोबा सांगायचे की त्यांचे वडील आठ कोस चालून नोटीस आणत आणि चावडीच्या पायरीखाली उभे राहून ती वर ठेवत. वर कुलकर्णी वाचायचे. ज्याच्या पायाने ती नोटीस गावात आली, त्याला ती ऐकायची तर अंगणातून. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात, वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या राबण्यातून माणसं सोडवायला. १८७४ च्या त्या कायद्याने आमच्या लोकांना सरकारी नोकर म्हणून बांधलं होतं आणि पगार मात्र ठेवला नव्हता.

पण माझं मत रानवाट यांच्यासारखं नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. सरकारने खात्यांना तसं कळवलं. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तळ्यावर कुणाची जायची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला १९३७ साली. म्हणून "सार्वजनिक पैसा" हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. घरपट्टी, लोकल फंड, टोल, यातून जे उभं राहिलं ते सगळ्यांचं. हे दोन शब्द आमच्या लोकांना पकडून ठेवता आले. द्यायची दानत सरकारची नव्हती, पण शब्द लिहिला गेला होता.

रानवाट :
दादा, यावर मी लगेच उत्तर देणार नाही. विचार करतो. फक्त इतकंच, की महाडला जायला हजारो माणसं उठली. वाडीवर चाळीस घरं असतात.

मोडीवाचक :
ताई, एक विचारतो. त्या सहा नोटिसांच्या पाठीमागे काही लिहिलंय का? नोटीस बजावली की पाठीवर शेरा मारत: समक्ष वाचून दाखवली, अमुक तारीख. खाली खातेदाराची सही. लिहिता येत नसेल तर निशाणी. कुणब्याची बहुधा नांगर, बाईमाणसाची बांगडी. शेजारी "निशाणी नांगर" असं कुलकर्ण्याच्या अक्षरात. शक्य झालं तर निशाणीची शाई आणि शेऱ्याची शाई ताडून बघा. नांगराची रेघ कुणाच्या हातची आहे ते पुष्कळदा कळतं.

चावडीवाचक :
कालची सगळी रात्र यात गेली, म्हणून उशिरा लिहितेय. सहाही नोटिसांच्या पाठीवर शेरा आहे. "समक्ष वाचून दाखविली" हे शब्द मला आता न अडखळता वाचता येतात. सहाही ठिकाणी नांगर.

भिंग लावून एकेक पाहिला. पाच नांगर अगदी सारखे. एका झटक्यात ओढलेली इसाड (नांगराचा लांब दांडा), रुमण्याला (मुठीच्या दांड्याला) तोच छोटा बाक, बोरूचं टोक उचलताना शेवटी तीच बारीक शेपटी. शेऱ्यातल्या अक्षरांनाही तशीच शेपटी आहे. खातेदार पाच वेगळे, सालं तीन वेगळी. माझ्या पहिल्या लेखात मी हे कागद पुरावा म्हणून मांडले होते. या पाच जणांना कुणी काही वाचून दाखवलं होतं, असं मी आता म्हणू शकत नाही. वाचून दाखवल्याचा शेरा खरा धरायला माझ्या खापरपणजोबांची साक्ष आहे खाली, आणि तीही मला आज पुरी वाटत नाही. हे लिहिताना जड जातंय.

सहावी नोटीस १८९७ ची आहे, थकबाकी तीन रुपये सहा आणे. तिच्यावरचा नांगर वाकडा आहे. बोरू इतका दाबून धरलाय की कागद फाटलाय, शाई फुटून डाग पडलाय, आणि फाळ काढायचा राहून गेलाय. त्याच्याखाली कुलकर्ण्याने एक ओळ जास्तीची लिहिली आहे: इसमाचे म्हणणे, पीक नाही. एवढंच. पुढे काय झालं, सूट मिळाली की जप्ती आली, ते ट्रंकेत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात जुन्नर तालुक्याचे त्या वर्षांचे कागद कसे मागायचे, कुणी सांगाल का?