मायक्रोफिल्मच्या डब्यातून आंबट वास येतोय, रिळं वाचवायची कशी?

दप्तरवाली:
नमस्कार मंडळी. संस्थेच्या अभिलेख कक्षाचा ताबा गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. एका लोखंडी कपाटात ३५ मिमी मायक्रोफिल्मची (कागदांची बारीक छायाचित्रं असलेल्या फितीची) १८४ रिळं आहेत. सभांची इतिवृत्तं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने नकाशे. मूळ कागद वाळवीनं कधीच खाल्ले, म्हणजे आता जे काही उरलंय ते या फिल्मवरच.

परवा तळच्या खणातला एक डबा उघडला तर व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले. तसा वास येणारी ११ रिळं निघाली. त्यातलं एक वाचनयंत्रावर लावलं, पण फिल्म काचेखाली सपाट बसेचना. डावी कडा स्पष्ट केली की उजवी धूसर. आणखी दोन रिळांच्या सुरुवातीच्या हातभर फितीवर बारीक तांबूस ठिपके आहेत, त्यांना वास मात्र नाही. बहुतेक रिळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत आहेत, काहींना रबरबँड.

वासाची रिळं धुऊन घ्यावीत का? की हवाबंद करून ठेवावीत? स्कॅनिंगच्या मंजुरीला वेळ लागणार आहे. तोवर काय करू?

अंधारखोली:
ताई, ती ११ रिळं आजच्या आज दुसऱ्या खोलीत हलवा. बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल.

मी ३१ वर्षं याच कामात होतो. आधी कॅमेऱ्यावर, मग डेव्हलपिंगला, शेवटी साठवणीत. तुमच्याकडचा वास ॲसेटिक आम्लाचा आहे. मायक्रोफिल्म १९८०च्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या फितीवर काढत. उष्णता आणि दमट हवा लागली की ॲसिटेट तुटायला लागतं आणि त्यातून हे आम्ल सुटतं. मग तेच आम्ल तुटणं आणखी वाढवतं. व्याजावर व्याज चढावं तसं आहे हे. इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूट या फिल्म-फोटोंच्या टिकाऊपणावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या हिशोबानं नवीकोरी ॲसिटेट फिल्म २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली तरी साधारण ४० वर्षांत वासाला सुरुवात होते. आजारी रिळाची वाफ शेजारच्या निरोगी रिळालाही लागते, म्हणून आधी वेगळं करणं.

धुऊ अजिबात नका. आम्ल फितीच्या अंगातच मुरलेलं असतं, पाण्यानं ते जात नाही. उलट चित्र धरून ठेवणारं जिलेटिन ओलं होऊन फुगतं आणि चित्राचा थर फितीवरून सुटून येतो. खोलीच्या तापमानाला हवाबंद डबाही नको, कारण आम्ल आतच कोंडतं. पुठ्ठा आणि रबरबँड काढून टाका, रबरातलं गंधक फिल्मवरच्या चांदीच्या कणांच्या चित्राला काळं पाडतं. रीळ धरताना सुती हातमोजे घाला, बोट फक्त कडेला लावा.

आता १८४ रिळांमधली ॲसिटेटची कुठली ते शोधा. फाडून बघू नका. रीळ आडवं धरून दिव्यासमोर न्या आणि बाजूनं, म्हणजे गुंडाळीच्या कडांकडून पाहा. पॉलिएस्टर (नंतरच्या काळातलं टिकाऊ प्लॅस्टिक) असेल तर कडांतून उजेड पार येतो, रीळ उजळ दिसतं. ॲसिटेट असेल तर काळपट, बंद दिसतं. एका दुपारचं काम आहे. पॉलिएस्टरच्या रिळांची काळजी कमी. नीट धुतलेली चांदीची फिल्म योग्य साठवणीत ५०० वर्षं टिकेल असं मानक सांगतं.

रसायनवाला:
तांबूस ठिपक्यांबद्दल लिहितो. हा वेगळा आजार आहे, त्याला रेडॉक्स डाग म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पहिल्यांदा लक्षात आला. हलक्या पुठ्ठ्यातून, ओल्या रंगातून किंवा ओझोन सोडणाऱ्या यंत्रांतून ऑक्सिडीकरण करणारे वायू निघतात. ते चांदीला ढिली करतात आणि ती चांदी बारीक रंगीत वर्तुळं होऊन पुन्हा बसते. डाग बाहेरच्या टोकाकडून आत सरकतात, म्हणून तुम्हाला ते सुरुवातीलाच दिसले.

मी हे स्वतःच्या हातानं घडवलंय. कपाटांना तेलरंग दिला आणि आठवडा व्हायच्या आत रिळं परत आत लावली. दोनेक वर्षांत ४० रिळांची तोंडं ठिपक्यांनी भरली. बसलेला डाग निघत नाही, पण डबे बदलले की पसरणं थांबतं. आम्लरहित कागदाचे किंवा तपासलेल्या प्लॅस्टिकचे डबे घ्या. नव्या प्रती पॉलिसल्फाइडच्या द्रावणातून काढून घेतल्या की चांदी पक्की होते.

दप्तरवाली:
काका, दिव्यासमोर सगळी रिळं पाहिली. १८४ पैकी ६३ काळपट, १२१ उजळ. वासाची अकराही त्या काळपटांतच. ठिपक्यांची दोन्ही उजळ. सगळी नेगेटिव्ह आहेत. आजवर हीच रिळं वाचकांना द्यायचे, ओरखडेही भरपूर आहेत. आता आधी काय करायचं?

अंधारखोली:
म्हणजे एकच संच होता आणि तोच यंत्रावर चालत होता. वाईट वाटलं वाचून. आजपासून एकही रीळ वाचनयंत्रावर चढवू नका. खरं तर तीन पिढ्या हव्यात. कॅमेऱ्यातली मूळ नेगेटिव्ह कुलूपबंद आणि वेगळ्या इमारतीत, तिच्यावरून छापलेली दुसरी नेगेटिव्ह प्रती काढण्यापुरती, आणि वाचकाच्या हातात तिसरी.

त्या ६३ रिळांसाठी ए-डी पट्ट्या, म्हणजे आम्लाच्या वाफेनं रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या, मागवा. एक पट्टी डब्यात ठेवून झाकण लावायचं, २४ तासांनी रंग बघायचा. निळी राहिली तर फिल्म ठीक. हिरवटकडे झुकली की ऱ्हास सुरू झालाय. पिवळी झाली तर रीळ आकसायच्या, वाकायच्या बेतात आहे. माझं मत असं की हिरवट आली पण अजून सपाट बसतात ती रिळं आधी पॉलिएस्टरवर उतरवून घ्या, कारण ती आज सरळ छापता येतात, उद्या येणार नाहीत. पिवळी किंवा वाकलेली रिळं लगेच गोठवणीत टाका. थंडीत आम्लाचा वेग जवळजवळ थांबतो आणि तुम्हाला मंजुरीपुरता वेळ मिळतो. तिथे मात्र दुहेरी बंद पिशवी लागते, नाहीतर ओल आत शिरते.

बाहेर काढाल तेव्हा पिशवी २४ तास बंदच ठेवा. माझ्या एका सहकाऱ्यानं घाईत तासाभरात उघडली. फितीवर दव बसलं, वेटोळी एकमेकांना चिकटली आणि सोडवताना आख्ख्या वर्षाच्या नोंदींचं चित्र शेजारच्या थराला लागून निघून आलं. तो दिवस मी विसरलो नाही.

स्कॅनिंग जरूर करा, पण स्कॅन झालं म्हणून फिल्म टाकू नका. हार्ड डिस्क बिघडते, फाइलचे प्रकार बदलतात. चांगली फिल्म वाचायला एक भिंग आणि उजेड पुरतो.

दप्तरवाली:
अकराही रिळं हलवली. पट्ट्या मागवल्या. गंमत म्हणजे एका खोक्यात रिळाखाली पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली: कोणत्या पानांपासून कोणत्या पानांपर्यंत चित्रीकरण झालं, कोणती दोन पानं फाटलेली होती, आणि खाली सही. ती रिळासोबतच ठेवू ना?

अंधारखोली:
नको, तो कागदही आम्ल सोडतो. वेगळ्या पाकिटात घालून वर रिळाचा क्रमांक लिहा, आणि आधी तिचा फोटो काढून ठेवा. फाटलेल्या पानांची ती नोंद आता जगात फक्त त्या चिठ्ठीवरच आहे.