कॉम्प्युटर पंधरा मिनिटांनी मंदावतो, प्रोसेसर ९५ टक्क्यांवर

मुनीम_सांगली
रामराम मंडळी. हळदीच्या अडतीचे हिशेब लिहितो, रात्री घरी बसून टॅलीत उतरवतो. पीसी जुना आहे. आय-थ्री ३२२०, रॅम ८ जीबी, विंडोज ७. एसएसडी मागच्या वर्षीच टाकली. चालू केला की पंधरा मिनिटं झकास पळतो, मग असा बसतो की एक व्हाउचर टाकेपर्यंत चहा पिऊन होतो. टास्क मॅनेजरात प्रोसेसर ९५ टक्के, पण कुठला एक प्रोग्रॅम खातोय असं दिसत नाही, सगळेच थोडं थोडं. दुकानदार न उघडताच म्हणाला, नवीन घ्या. जूनमध्ये पोरीची फी भरायचीय, नवीन कुठनं घेऊ?

पोवईनाका
फॉरमॅट मारा. मी दर दिवाळीला मारतो.

कृष्णाकाठ
दिवाळी लांब आहे हो, थांबा जरा. मुनीमकाका, आधी बरा आणि नंतर मंद, म्हणजे तापत असणार. 'कोअर टेम्प' नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मंदावला की त्यात प्रोसेसरचं तापमान आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेग, बघून सांगा.

मुनीम_सांगली
तापमान शंभरच्या वर. फ्रिक्वेन्सी १६००.

कृष्णाकाठ
मग सापडलं. तुमचा प्रोसेसर ३३०० मेगाहर्ट्झचा. फार तापला की जळू नये म्हणून तो आपणच वेग उतरवतो. काम तेवढंच, जोर निम्मा, म्हणून टक्के फुगतात. फॉरमॅटनं काही होणार नाही. वायर काढून डबा उघडा. पंख्याचं पातं बोटानं धरून रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडा. पंखा उतरवलात तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याच्या पत्र्यांकडे नेणारा लेप) पुसून नवी लावा, मुगाएवढी पुरे. आणि विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झालेत, त्यावर बँकेचे व्यवहार नको.

मुनीम_सांगली
उघडला. शेजारी हळद पॉलिशचा ड्रम चालतो हे सांगायचं राहिलंच. पंख्याखालच्या पत्र्यांत पिवळा लगदा, बोट जाईना! अर्धा तास झाडलं. आता टॅली चालू असताना तापमान ६२. पंख्याची एक पिन मात्र बसेना झालीय, टकटक आवाज येतो.

कृष्णाकाठ
पिनेचं डोकं बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढून मोकळं करा, मग बाणाच्या उलट फिरवून सरळ दाबा, टक् वाजलं की बसली. डबा जमिनीवरनं टेबलावर घ्या, ड्रमकडची खिडकी बंद ठेवा.

मुनीम_सांगली
बसली. खिडकी मात्र बंद होणार नाही, घरात तेवढाच वारा आहे. दर महिन्याला झाडीन.