खुल्या कोळसा खाणीची जनसुनावणी: शेकडो पानांच्या अहवालात आधी काय वाचायचं, हरकत कशी लिहायची?

नदीकाठचा_वणीकर
वणी पट्ट्यात नवी खुली खाण प्रस्तावित आहे, वर्षाला 10 लाख टन. जनसुनावणीची जाहिरात आली आहे. मूळ ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचा) अहवाल इंग्रजीत, मराठी सारांश अगदी त्रोटक. गावात दोन तट आहेत: काही म्हणतात सुनावणी उधळून लावा, काही म्हणतात लेखी हरकती द्या. हरकतीत नेमकं काय असलं की ती 'नोंद घेतली' म्हणून बाजूला टाकता येत नाही?

हरकतनामा
उधळू नका. 2006 च्या ईआयए अधिसूचनेत जनसुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. बहिष्कार टाकला तरी उरलेल्या दहा जणांवर सुनावणी 'संपन्न' होते. त्याच अधिसूचनेत आणखी एक फट आहे: स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येणार नाही असं वर कळवलं गेलं, तर सुनावणीच वगळता येते. गोंधळ घालून आपण ती पळवाट आयती हातात देतो.

हे मतदान नाही. 'खाण नको' असं पाचशे लोक म्हणाले तरी इतिवृत्तात ती एक ओळ होते. याउलट 'गट क्रमांक अमुक मधील विहीर, अहवालाचं पान तमुक, तक्त्यात नोंद नाही, का?' याला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते अंतिम अहवालात जातं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली उत्कर्ष मंडळ प्रकरणात (खाण गोव्यातली, केप्यातली) सांगितलं की मंजुरीआधी प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने हरकतींचा विचार करून कारणं द्यायला हवीत. सारांश किमान 30 दिवस आधी मिळायला हवा, हेही त्याच निकालात आहे. म्हणून आजच जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत जाऊन अहवाल ठेवलाय का ते पाहा. नसेल तर तारीख घालून अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेली हरकत म्हणजे न दिलेली हरकत.

जागाही तपासा. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ व्हायला हवी. सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची 2022 ची सुनावणी खाणीच्या एटापल्ली तालुक्यात नव्हे, तर गडचिरोली शहरात घेतली गेली होती.

ओबी_मोजणारा
अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. तीन तक्ते उघडा.

पहिला, ओबीचा, म्हणजे कोळशावरच्या माती-दगडाचा. स्ट्रिपिंग रेशो (एक टन कोळशामागे किती घनमीटर ओबी) 1:5 असेल तर 10 लाख टनांमागे वर्षाला 50 लाख घनमीटर ओबी. हा आकडा जागेवरच्या घट्ट मातीचा. खणल्यावर ती साधारण 20 ते 30 टक्के फुगते. 25 टक्के धरा, 62.5 लाख. ढिगाची सरासरी जाडी 30 मीटर धरली तर एका हेक्टरवर 3 लाख घनमीटर मावतात, म्हणजे वर्षाला सुमारे 21 हेक्टर. आता खड्डा परत भरायला कितव्या वर्षी सुरुवात होणार आणि तोवर ढिगासाठी किती जमीन दाखवलीय ते जुळवा. बऱ्याचदा जुळत नाही. मग जास्तीचा ढीग नाल्याच्या काठी जातो आणि पावसाळ्यात शेतात उतरतो. इरईकाठच्या ढिगांवरून चंद्रपुरात झालेली ओरड आठवा.

दुसरा, वाहतुकीचा. 10 लाख टन भागिले 300 दिवस भागिले 20 टन = रोज 167 भरलेले ट्रक, रिकामे धरून 334 फेऱ्या. 16 तासांत तासाला 21. शाळेसमोरचा रस्ता असेल तर हाच हिशेब हरकतीत मांडा.

तिसरा, ब्लास्टिंगचा. डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) 1997 च्या परिपत्रकानुसार गावातल्या घरांसाठी कंपनाची मर्यादा 8 हर्ट्झ वारंवारतेच्या खाली 5 मिमी प्रति सेकंद आहे. अहवालात फक्त 'मर्यादेत राहील' असेल तर विचारा: एका वेळी किती स्फोटकं, किती अंतरावर, कुठल्या सूत्राने? खाणीच्या हद्दीपासून 500 मीटरच्या आतली घरं नकाशावर मोजून न्या.

धूळ कुठल्या ऋतूत मोजली हेही बघा. आणि झाडांची यादी वाचाच. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा आला होता, कोकणात नसलेल्या स्प्रूस-बर्च झाडांसकट! खोटी वा दिशाभूल करणारी माहिती हे अधिसूचनेच्या परिच्छेद 8(vi) नुसार अर्ज फेटाळण्याचं कारण आहे.

नदीकाठचा_वणीकर
विहिरींचा उल्लेख आमच्या सारांशात नाहीच.

ओबी_मोजणारा
मग तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. खड्डा भूजल पातळीच्या खाली गेला की रात्रंदिवस उपसा चालतो आणि आजूबाजूच्या विहिरी उतरतात. पुढे कंपनी म्हणते, दुष्काळामुळे. म्हणून आत्ताच, एकाच आठवड्यात, सगळ्या विहिरी मोजा: गट क्रमांक, खोली, काठापासून पाण्याची पातळी, तारीख, फोटो, मालकाची सही. सोबत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी (जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर) जोडा. माहिती अधिकाराचे 30 दिवस तुम्हाला परवडणार नाहीत, थेट जिल्हा कार्यालयात जाऊन मागा.

ग्रामसभा_पन्नास_टक्के
वरच्या मंडळींशी एक मतभेद. नुसत्या हरकतींवर खाण क्वचितच थांबते. लीजमध्ये (खाणपट्ट्यात) वनजमीन असेल तर खरी ताकद वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेत आहे. ओडिशातल्या नियमगिरीत 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 12 ग्रामसभांनी नकार दिला आणि बॉक्साइट खाण थांबली. पण ठराव कच्चा असतो तिथेच घात होतो. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. 26 जानेवारीच्या नेहमीच्या ग्रामसभेतला, चाळीस सह्यांचा ठराव तिथे टिकत नाही. प्रलंबित वनहक्क दाव्यांची यादी ठरावातच लिहा.

कंपनी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) असेल आणि जमीन 1957 च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली जात असेल, तर कलम 7 च्या अधिसूचनेपासून 30 दिवसांत वेगळी हरकत द्यावी लागते. जनसुनावणीत बोललात म्हणून ती दिली असं धरलं जात नाही.

हरकतनामा
वनजमिनीबद्दल मान्य. सुनावणीच्या दिवसाबद्दल थोडं: एका वक्त्याने एकच विषय घ्यावा, आधी गट आणि पान क्रमांक सांगावा, बोलून झाल्यावर तेच लेखी द्यावं. चित्रीकरण अधिकृत असतंच, तुमचंही करा. आणि जेवणाला उठू नका. शेवटी इतिवृत्त मराठीत समजावून वाचून दाखवणं आणि त्यावर त्याच दिवशी सही होणं बंधनकारक आहे. सुटलेला मुद्दा घालून घ्यायची वेळ तीच, आणि नेमका तेव्हा मांडव रिकामा असतो.

नंतर परिवेश पोर्टल (पर्यावरण मंजुऱ्यांचं सरकारी संकेतस्थळ) दर आठवड्याला पाहत राहा. मंजुरी निघालीच तर हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अपिलाला 30 दिवस मिळतात, सबळ कारण दिलं तर आणखी 60. त्यापुढे एक दिवसही नाही. भरपाई मागायची नसेल तर शुल्क 1,000 रुपये.