विकास मंडळं कशाला, आमदार आहेत ना?

हिशेबनीस

नागपूरचं हिवाळी अधिवेशन संपलं की ‘विकास मंडळं परत आणा’ची हाकाटी सुरू होते. याही वर्षी झाली. मी यवतमाळचा आहे, तेव्हा विदर्भद्रोही म्हणण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं आली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर पडली. मुदतवाढ मिळत मिळत ती ३० एप्रिल २०२० पर्यंत चालली. मग संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा आणायचं ठरवलं, पण त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो, म्हणजे चेंडू दिल्लीत.

माझं म्हणणं असं की ती नसलेलीच बरी. राज्याचा पैसा विधानसभा मंजूर करते. मंत्री उत्तरदायी आहेत ते सभागृहाला. राज्यपालांना कोणी निवडून दिलेलं नाही, त्यांना उपप्रश्नही विचारता येत नाही. विदर्भाचे ६२ आणि मराठवाड्याचे ४६ मिळून १०८ आमदार २८८ च्या सभागृहात बसतात. इतके लोक अर्थमंत्र्यांना दर अधिवेशनात नेमके प्रश्न विचारू शकत नसतील, तर राजभवनातून निघालेल्या निर्देशांनी काय होणार? उलट मंडळं होती तेव्हा आमदारांना आयती पळवाट होती. ‘राज्यपालांकडे पाठपुरावा चालू आहे’ म्हटलं की मतदारसंघात तोंड दाखवायला मोकळे.

वैनगंगाकाठ

प्रश्न विचारायचे म्हणता? चला, वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण घेऊ. भूमिपूजन १९८८. मूळ किंमत ३७२ कोटी. आज आकडा १८ हजार कोटींच्या पलीकडे गेलाय आणि आमच्या गावाच्या वरच्या अंगाला वितरिका (मुख्य कालव्यातून फुटणारा छोटा कालवा) अजून कागदावरच आहे. या धरणावर सभागृहात किती वेळा बोललं गेलं असेल? एकही अधिवेशन कोरडं गेलेलं मला आठवत नाही. कोरडं राहिलं ते शेत.

आणि २०२४ चं नागपूर अधिवेशन विसरलात वाटतं. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ मंत्र्यांचा शपथविधी, १६ ते २१ अधिवेशन, आणि खातेवाटप २१ च्या रात्री, सगळे बॅगा भरून निघाल्यावर. सहा दिवस बिनखात्याचे मंत्री. पाटबंधाऱ्याचा प्रश्न विचारायचा कुणाला, दारावरच्या मार्शलला? शिवाय तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता, कारण कुठल्याही विरोधी पक्षाकडे २९ आमदार नव्हते. नागपूर करार १९५३ चा. वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ते इथल्या प्रश्नांसाठी, तर्री पोहा आणि हुरड्यासाठी नव्हे.

पंचगंगेचं पाणी

हिशेबनीस यांच्याशी सहमत, कारणं मात्र वेगळी. हे ‘उर्वरित महाराष्ट्र’ प्रकरण काय आहे ते कधी बघितलंय का? मुंबई, पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी आणि नंदुरबार एकाच पोत्यात. राज्यपालांच्या निधीवाटपाच्या सूत्रात विदर्भाला २३.०३ टक्के, मराठवाड्याला १८.७५ आणि आम्हाला ५८.२३. आकडा दिसायला गलेलठ्ठ. त्यातून जत आणि माण-खटाव या दुष्काळी तालुक्यांच्या वाट्याला काय आलं ते तिथं मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभं राहून विचारा.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये ३,१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, काढला, त्यातला ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचाच होता. हे नागपूरच्या भाषणांत कधी ऐकलंय? केळकर समितीने पुढे तालुका हे एकक धरायला सांगितलं, तेच शहाणपणाचं होतं. तो अहवाल २०१३ मध्ये आला, २०१४ च्या डिसेंबरात नागपुरात पटलावर ठेवला, आणि पटलावरच राहिला.

शिवाय, वसंतराव नाईक अकरा वर्षं मुख्यमंत्री होते. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव, फडणवीस. सगळे तुमच्याकडचेच. अन्याय केला कुणी?

कापूसकोंड्या

काहून भाऊ, हे मुख्यमंत्र्यांचं तुणतुणं किती दिवस वाजवसान? खुर्ची आमच्या माणसाची होती, पण अर्थखातं अन् पाटबंधारे खातं बहुतेक वेळा कुठल्या काठावरच्या माणसाकडं होतं ते बी सांगा ना. आघाडीचं सरकार म्हंजे मुख्यमंत्री सही करते अन् पैसा दुसराच वाटते.

अन् अनुशेषाचं घ्या. आर्थिक अनुशेष कागदावर संपला म्हणून मोकळे झाले. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, या चार जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष राहूनच गेला. पैसा खर्च झाला, पाणी आलं नाही. ह्याला हिशोब म्हणते का?

पंचगंगेचं पाणी

२०१४ ते २०१९ अर्थमंत्री चंद्रपूरचे होते. मुख्यमंत्री नागपूरचे. आता काठ कुठला?

कापूसकोंड्या

पाच वर्षं. त्याच्या आधीची मोजा.

जुना कार्यासनवाला

भांडण रंगलंय, पण प्रश्नोत्तरं आतून कशी तयार होतात ते सांगतो. मंत्रालयात एका विभागाच्या कार्यासनात, म्हणजे फाईल हाताळणाऱ्या टेबलावर, बावीस वर्षं काढली, विभागाचं नाव विचारू नका.

प्रश्नाची प्रत आली की पहिली धावपळ जिल्ह्याकडे. ‘विधिमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे, आज सायंकाळपर्यंत.’ जिल्हा तालुक्याला फोन करतो, तालुका शाखेला, आणि शाखेतला पोरगा गेल्या वर्षीची फाईल काढून त्यातला आकडा पुढे ढकलतो. तो आकडा फिरून आमच्या टेबलावर येईपर्यंत शासनाचं अधिकृत उत्तर झालेला असतो.

आता उत्तराची भाषा. आमदार विचारतो, ‘अमुक तालुक्यातील कालव्याचे काम निधीअभावी रखडले आहे, हे खरे आहे काय, असल्यास विलंबाची कारणे काय आहेत?’ काम रखडलेलं असतं, पण निधीअभावी नाही, भूसंपादनामुळे. मग उत्तर काय? ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ एका शब्दावर सुटलो. ‘निधीअभावी’ हा शब्द आमदाराच्या स्वीय सहायकाने वर्तमानपत्राच्या कात्रणातून उचललेला असायचा, आणि आम्ही त्याची वाटच बघत असायचो. फारच अडलं तर ‘हे अंशतः खरे आहे’. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा टंकलं असेल, देव जाणे. बायकोशी बोलतानाही तोंडातून निघायचं.

आमची दांडी उडायची ती दोन वेळा. सभागृहात सगळ्या बाजूंनी उपप्रश्न आले आणि अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला की एकदा, कारण मग तेच उत्तर पुन्हा चालत नाही. आणि प्रश्नात तक्ता मागितला की दुसऱ्यांदा. ‘गेल्या तीन वर्षांत मंजूर किती, वितरित किती, खर्च किती, समर्पित किती, जिल्हानिहाय.’ समर्पित म्हणजे न वापरता परत केलेला पैसा. असल्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ म्हणताच येत नाही.

आणि हिशेबनीस, आता तुमच्या मुद्द्याकडे. असले प्रश्न विचारणारे जे थोडे आमदार होते, ते आकडे आणायचे कुठून? मंडळाच्या अहवालातून. कलम ३७१(२) मध्येच लिहिलंय की मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. त्यामुळे राज्यपाल विरुद्ध आमदार अशी जी मांडणी तुम्ही केलीत, ती मला तितकीशी पटत नाही. मंडळ म्हणजे आमदाराचा मुनीम होता. निदान कागदावर.

हिशेबनीस

कार्यासनवाले, कागदावर हा शब्द तुम्हीच वापरलात. २६ वर्षांत तो अहवाल घेऊन किती जणांनी मंत्र्याला घाम फोडला? मुनीम ठेवला आणि मालकाने वही उघडलीच नाही, तर मुनिमाचा पगार कशाला?

आणि पैशाचा खरा खेळ प्रश्नोत्तराच्या तासात होतच नाही, पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चात, होतो. २०२४ च्या जुलैत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. मूळ अर्थसंकल्प मांडून किती दिवस झाले होते? दोन आठवडेसुद्धा नाहीत! डिसेंबरात नागपुरात आणखी ३५,७८८ कोटी, तेही ज्या सहा दिवसांत मंत्र्यांना खाती नव्हती त्यात. या मागण्यांच्या चर्चेत आमदार बोलतात काय? माझ्या मतदारसंघातला पूल, माझं ग्रामीण रुग्णालय, माझी तहसील इमारत. या कोटींतले विदर्भात किती आणि मराठवाड्यात किती, हे उभं राहून विचारणारा माणूस मला दाखवा. कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, कुणाच्या लक्षातही राहत नाही. ह्या आजारावर राज्यपाल हे औषध नव्हे.

लाल माती

कोकणाचं कुणी काही बोलणार आहे का? आम्हाला मुंबईच्या गठड्यात बांधून ठेवलंय. पाऊस सगळ्यात जास्त, सिंचन बघायला गेलं तर नावाला. स्वतंत्र मंडळ मागून मागून आजोबा गेले. चालू द्या तुमचं.

मांजराकाठची

लातूरकडून थोडं. हिशेबनीस दादा, औषध चुकीचं होतं असं धरलं तरी रोग्याकडून काढून घेताना दुसरं काय दिलं? मंडळाची मुदत संपली तेव्हा टाळेबंदी होती, त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला, आणि त्या वर्षीचं नागपूर अधिवेशनही मुंबईत झालं. म्हणजे मंडळही नाही आणि प्रश्नही नाही.

१ मार्च २०२१ ला विधानसभेत काय झालं ते मी थेट प्रक्षेपणात बघितलंय. मंडळं कधी देता, असा मुद्दा आला. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सांगितलं की राज्यपालांकडे अडकलेली, विधान परिषदेवर नेमायची १२ नावं ज्या दिवशी जाहीर होतील, त्याच दिवशी मंडळंही जाहीर करू. फडणवीस तेव्हा विरोधी पक्षनेते, ते उसळून उठले. आमच्या घरी वडील गप्प बसले होते. म्हणाले, आपण अदलाबदलीतल्या भांड्यासारखे झालो.

हिशेबनीस

ताई, हा प्रसंग माझ्या बाजूचा आहे! राज्यपालांच्या हातात दिलं की त्याचं असं होतं. तिकडे नावं अडवली, इकडे मंडळं अडवली.

मांजराकाठची

आणि ज्याला तुम्ही उत्तरदायी म्हणता त्या मंत्र्यानेच सभागृहात उभं राहून हे सांगितलं. १०८ पैकी किती जणांनी त्या दिवशी कामकाज रोखून धरलं? सरकारी बाजूचे आमचे आमदार बाक वाजवत होते की नाही ते दिसलं नाही, कॅमेरा तिकडे वळला नाही. पुढच्या वर्षी सरकार बदललं, बाकं बदलली, आणि ओरडणाऱ्यांची अदलाबदल झाली. एवढंच.

हिशेबनीस

हे मात्र मान्य. त्या अंगाने मी विचार केला नव्हता. सत्ताधारी बाकावर बसलेल्या आमदाराच्या तोंडाला कुलूप असतं, आणि विदर्भाचे निम्म्याहून जास्त आमदार बहुतेक वेळा त्याच बाकांवर असतात. तरीही मंडळ परत आणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. अहवालाची सक्ती ठेवा, वाटपाचे निर्देश विधानसभेच्या समितीकडे द्या. सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समिती आहेच, तशी प्रादेशिक निधीची एक करा, अध्यक्ष विरोधी पक्षाचा.

वैनगंगाकाठ

समिती! आधीच्या समित्यांचे अहवाल रचले तर गोसीखुर्दची भिंत अजून उंच होईल.

ते जाऊ द्या. कार्यासनवाले काका, एक मसुदा करून द्या. आमच्या वितरिकेवरचा, ‘हे खरे नाही’ म्हणता येणार नाही असा.

जुना कार्यासनवाला

घ्या. ‘रखडले’ लिहू नका, ‘निधीअभावी’ तर मुळीच नको.

‘(१) गोसीखुर्द प्रकल्पाच्या अमुक वितरिकेसाठी गेल्या तीन आर्थिक वर्षांत वर्षनिहाय मंजूर, वितरित, खर्च व समर्पित रक्कम किती आहे, (२) उक्त वितरिकेची नियोजित लांबी व आजअखेर पूर्ण झालेली लांबी किती आहे, (३) उर्वरित लांबीसाठी भूसंपादन कोणत्या टप्प्यावर आहे व ते कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण होणार आहे?’

‘अमुक’च्या जागी नाव आणि साखळी क्रमांक (कालव्यावरचं अंतर दाखवणारा) घाला, नाहीतर माहिती गोळा करण्यात येत आहे असं येईल. एकाच आमदाराची सही घेऊ नका, चार-पाच जणांच्या घ्या, वेगवेगळ्या पक्षांच्या.

वैनगंगाकाठ

आमचे आमदार सध्या सरकारी बाजूला आहेत. रविवारी गावात एका लग्नाला येणार आहेत म्हणे. छापील प्रत खिशात ठेवतो, जेवणं झाल्यावर देतो.