‘ताजंच रक्त द्या’ हा हट्ट बरोबर आहे का?

रक्तपेढीवाला: काउंटरवर रोज एकदा तरी ऐकतो: “ही वीस दिवसांची पिशवी नको, कालची द्या.” सॅगएम या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातल्या लाल पेशी २ ते ६ अंशांत ४२ दिवस चालतात. २००८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या हृदयशस्त्रक्रियांच्या नोंदींवरून १४ दिवसांपुढच्या रक्ताची भीती पसरली, पण तिथे कोणाला कोणती पिशवी हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. पुढे चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास झाले. २०१५ च्या ‘एबल’मध्ये अतिदक्षता विभागातल्या सुमारे २,४०० रुग्णांत ९० दिवसांतले मृत्यू ताज्या रक्ताच्या गटात ३७ टक्के, नेहमीच्या साठवलेल्या रक्ताच्या गटात ३५.३. २०१६ च्या ‘इन्फॉर्म’मध्ये वीस हजारांवर रुग्ण, तिथेही फरक दिसला नाही. आधी आलेली पिशवी आधी द्यायची, यात माझं काय चुकतं? नाकारलेली पिशवी मुदत संपली की फेकावी लागते, आणि मे महिन्यात शिबिरं थंडावली की त्याच रक्तगटासाठी लोक रडत येतात.

थॅलेसेमियाची आई: दादा, तुमचे आकडे मेलेल्यांचे आहेत. माझ्या मुलाला थॅलेसेमिया आहे, अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार. तो दर तीन आठवड्यांनी रक्त घेतो, आयुष्यभर घेणार आहे. साठवणीत पेशी म्हाताऱ्या होतात. ४२ दिवसांच्या पिशवीतल्या ७५ टक्के पेशी रक्त दिल्यावर २४ तासांनी अंगात शिल्लक असल्या तरी ती चालते असं मानतात. बाकीच्या, मेलेल्या पेशींतलं लोह कुठे जातं? त्याच्या यकृतात, हृदयात. एका पिशवीतून २०० मिलिग्रॅमच्या वर लोह येतं, ते काढायला रोज गोळ्या. थॅलेसेमियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दोन आठवड्यांच्या आतलं रक्त द्यावं असं म्हटलंय, ते उगीच नाही. एकदा आम्हाला ३८ दिवसांची पिशवी मिळाली आणि तिसऱ्या आठवड्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात पोर पिवळट, सुस्त झालं. एका पिशवीवरून काही सिद्ध होत नाही, कळतं मला. तरी बघवलं नाही.

भूलतज्ज्ञ: ताई, तुमचं पटतं. तान्ह्या बाळाचं सगळं रक्त बदलायचं असेल तर मीही पाच दिवसांच्या आतलंच मागते, कारण जुन्या पिशवीत पोटॅशियम साचलेलं असतं. पण सांधा बदलायला आलेल्या सत्तरीच्या आजोबांना ताजी पिशवी कशासाठी? तेच लोक जास्त भांडतात. आणि एक राहिलंच: पिशवीच्या वयापेक्षा मला ती रुग्णापर्यंत थंड राहण्याच्या साखळीची काळजी वाटते. पिशवी वॉर्डात तासभर टेबलावर पडून राहिली तर तिची तारीख बघून काय उपयोग?

रक्तपेढीवाला: ताईंचं म्हणणं मान्य. आम्ही थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पिशव्या बाजूला ठेवतो, पण ‘कालची द्या’ म्हणणाऱ्या आजोबांचा मुलगा नगरसेवकाला फोन लावतो आणि त्याच पिशव्या जातात.

थॅलेसेमियाची आई: मग पिशवीवर लिहून टाका ना, ही पोरांची आहे म्हणून. मोठ्या अक्षरात.